कामकऱ्याचें घर व त्यावरील नांव

(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली म्हटली म्हणजे मंदिराचा इतिहास सांगण्याची रीत आहे. कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आणिली, कोणत्या धर्मगुरूंनीं किती वर्षें सेवा केली, हें सारें या पुस्तिकेंत इतर लेखकांनीं माझ्यापेक्षां चांगलें लिहिलें आहे. त्याची पुनरुक्ति करून मी आपला वेळ घेत नाहीं. मला बोलावयाचें आहे तें मिस्सा आटोपल्यावर आपण ज्या घरीं परत जातों त्या घराविषयीं. विशेषतः आपल्या या सोलापुरांत कामकरी माणसांसाठीं दुसऱ्यांनीं जीं घरें बांधलीं, त्यांच्याविषयीं.

हा विषय ज्युबिलीस सोडून आहे असें कोणास वाटेल, तर त्यांनीं जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडून पाहावा. ज्युबिली हा शब्दच मुळीं घराशीं व जमिनीशीं जोडलेला आहे. दर पन्नासावें वर्ष पवित्र पाळावें, कर्जापायीं ज्याची वडिलोपार्जित जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी, व प्रत्येकानें आपल्या वतनावर परत यावें, असा तेथें नियम आहे. आणखी एक बारीक भेद त्याच अध्यायांत आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. खेड्यांतील विकलेलें घर ज्युबिलीच्या वर्षीं मूळ धन्याकडे परत येई. परंतु तटबंदीच्या नगरांतील घर एका वर्षाच्या आंत सोडविलें नाहीं तर तें कायमचें गेलें. शहरांतील गरिबाचें छप्पर एकदां गेलें म्हणजे तें पुन्हां हातीं लागणें कठीण, ही गोष्ट त्या प्राचीन काळींहि लोकांस ठाऊक होती असें दिसतें.

म्हणून सोलापुरांतील घरांची हकीकत सांगतांना मी प्रत्येक ठिकाणीं एकच प्रश्न विचारणार आहें : या घरावर नांव कोणाचें होतें? भिंती किती जाड होत्या, खोल्या किती होत्या, हें मागाहून.

सोलापूर हें व्यापाराचें गांव फार जुनें. परंतु गिरणगांव म्हणून त्याचा जन्म आगगाडीबरोबर झाला. १८६० सालीं मुंबईहून येणारी रेल्वे येथवर पोंचली. १८७७ सालीं शेठ मुरारजी गोकुळदास यांची कापडाची गिरणी येथें सुरू झाली. तिलाच आपण जुनी गिरणी म्हणतों. तीं वर्षें दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचीं होतीं हें लक्षांत ठेवावें. ज्यांच्या विहिरी आटल्या, गुरें मेलीं, तीं माणसें भोंग्याच्या आवाजामागें शहरांत आलीं. पुढें नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तिकडे तेलंगणांतून, करीमनगर, वरंगळ, नळगोंडा, महबूबनगर या भागांतून, पद्मशाली विणकर आपले हातमागाचें कसब घेऊन आले व पूर्व भागांतील पेठांत स्थायिक झाले. आपल्यांपैकीं कित्येकांचे वाडवडील नगरकडून आले, कांहीं रेल्वेच्या नोकरीमुळें दूरदूरच्या प्रांतांतून आले. सारांश, या गांवांत आज जे कामकरी दिसतात त्यांतील बहुतेकांचे पूर्वज येथें बिऱ्हाडकरू म्हणून आलेले आहेत. आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न भाकरीचा व दुसरा निजावयाच्या जागेचा.

सरकारनें या शहरांत गरिबांसाठीं मोठ्या प्रमाणावर जी पहिली वसाहत केली तिचें नांव उच्चारतांना आजहि माणसें थोडी आवाज खालीं आणतात. ती म्हणजे सेटलमेंट. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें एक कायदा केला व कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. आरंभीं तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ सालच्या कायद्यानें तो आपल्याकडेहि लागू करतां येऊं लागला. स्टार्ट नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें विजापुराकडे अशा वसाहतींचा आरंभ केला आणि मग जेथें गिरण्या होत्या, मजुरांची गरज होती, तेथें तेथें त्या पसरल्या. सोलापूर हें त्यांतलें एक मोठें ठिकाण. कैकाडी, टकारी, पारधी इत्यादि जमातींचीं कुटुंबें येथें तारेच्या कुंपणाच्या आंत आणून ठेवण्यांत आलीं. घर मिळालें, गिरणींत काम मिळालें, मुलांस शाळा मिळाली. त्याबरोबर हजेरी मिळाली. ठरलेल्या वेळीं आपलें नांव पुकारलें गेलें म्हणजे ओ द्यावयाची. बाहेर जावयाचें तर परवान्याची चिठ्ठी घ्यावयाची. चिठ्ठीवांचून बाहेर सांपडलें तर शिक्षा.

येथें आपणां ख्रिस्ती माणसांस एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अशा वसाहतींची व्यवस्था सरकारनें अनेक ठिकाणीं मिशनऱ्यांकडे सोंपविली होती. सोलापुरांत अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेनें हें काम केलें. तें मिशन आपलें नव्हे, असें म्हणून आपण हात झटकूं शकतों. परंतु ती सोय मला प्रामाणिक वाटत नाहीं. त्या लोकांनीं शाळा चालविल्या, दवाखाने चालविले, व त्यांच्यापैकीं कित्येकांच्या अंतःकरणांत खरी कळवळ होती यांत शंका नाहीं. तथापि कुंपणाच्या आंत जन्मलेल्या लेंकरानें काय अपराध केला होता, हा प्रश्न त्या व्यवस्थेच्या पायाशींच होता, आणि दयेच्या कामांत गुंतलेल्या माणसास तो विचारण्यास सवड झाली नाहीं. सवड होत नाहीं हाच अशा कामांतला धोका आहे.

सेटलमेंटमधील घरावर नांव होतें तें रजिस्टरांतलें. बापाचें नांव, जमातीचें नांव, बोटांचे ठसे. घरावरील नांव त्या माणसास आधार देण्यासाठीं नव्हतें. त्यावर नजर ठेवण्यासाठीं होतें. ज्यांची वर्तणूक चांगली ठरे त्यांस कुंपणाबाहेर निराळी वस्ती देत, तीस फ्री कॉलनी म्हणत. मुंबई प्रांतानें १९४९ सालीं तो कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो साऱ्या देशांतून गेला. तार निघाली, नांव मात्र राहिलें. आजहि टपालाच्या पाकिटावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता लिहिलेला आपण पाहतों. एखाद्या मोकळ्या माणसास आपल्या पत्त्यांत मोकळें असल्याचें लिहावें लागावें, यावरून पूर्वीं काय होतें तें समजावें.

दुसरीं घरें गिरण्यांच्या चाळींचीं. त्यांविषयीं मी फार लांबण लावीत नाहीं, कारण या सभेंत बसलेले कित्येक वृद्ध त्या चाळींत वाढले आहेत व त्यांना माझ्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. एक खोली, पुढें पडवी, सार्वजनिक नळ, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या खोकल्यावरून त्याची पाळी कोणती हें ओळखण्याइतका सहवास. त्या सहवासांत पुष्कळ गोड होतें. मोहरम असो, गणपति असो, नाताळ असो, चाळींत सण कोणा एकाचा नसे. परंतु घर आणि नोकरी एकाच दोरीस बांधलेलीं होतीं. गिरणीच्या मस्टरवर जोंवर नांव, तोंवर छप्पर. संप केला कीं घरांतल्या बायकांस पहिली काळजी पगाराची नसे, खोलीची असे. १९६३ सालीं जुनी गिरणी बंद पडली तेव्हां हजारों माणसांचा रोजगार गेला, आणि मस्टरवरचें नांव किती हलकें असतें हें शहरास कळलें. शतक संपतां संपतां लक्ष्मी व विष्णु या गिरण्याहि थंड झाल्या. धुरांडीं गेलीं, चाळींचीं नांवें अजून गिरण्यांचींच आहेत. रेल्वेच्या क्वार्टर्सची गोष्ट थोडी बरी, कारण रेल्वे बुडत नाहीं. पण निवृत्तीच्या दिवशीं गळ्यांत हार पडला कीं पाठोपाठ खोलीची चावी मागतात, हें आपल्या रेल्वेवाल्या कुटुंबांनीं अनुभवलेलें आहे.

पोप तेरावे लिओ यांनीं १८९१ सालीं ‘रेरुम नोवारुम’ हें विश्वपत्र काढलें. सेमिनरींत असतांना तें आम्हांस अभ्यासाला होतें. त्यांतील एक विचार त्या वेळीं मला कोरडा वाटला होता, सोलापुरांत आल्यावर त्याचा अर्थ उमगला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मजुरानें पोटास चिमटा घेऊन मजुरी वांचविली व तिची जमीन घेतली, तर ती जमीन म्हणजे निराळ्या रूपांतली त्याची मजुरीच होय. ती त्याच्यापासून हिरावणें म्हणजे मजुरीच बुडविणें. गिरणीच्या चाळींत मजुरी घरांत मुरत नव्हती. तीस वर्षें राबलेल्या माणसाच्या हातीं तीस वर्षांनंतर घराची एक वीटहि नसे.

आतां तिसऱ्या घरांकडे वळतों. हीं घरें विडी वळणाऱ्या बायकांचीं.

पुरुष मागावर किंवा गिरणींत, आणि बाई विडीवर, अशी सोलापुरच्या पूर्व भागांतील कित्येक कुटुंबांची रचना पिढ्यान् पिढ्या चालत आली. गिरणी बंद झाली तेव्हां ज्या घरांत चूल विझली नाहीं तें बहुधा विडीमुळें. हें काम कसें चालतें हें आपल्यांतील कित्येक भगिनींस सांगावयास नको, इतरांसाठीं सांगतों. कारखान्यांतून तेंदूचीं पानें, तंबाखू व दोरा तोलून मिळतो. पानें भिजवावयाचीं, फडक्यांत गुंडाळून मऊ करावयाचीं, फर्मा ठेवून कात्रीनें कापावयाचीं, मांडीवर सूप घेऊन चिमूटभर तंबाखू भरून वळावयाची, दोरा बांधावयाचा, तोंड दुमडावयाचें. अशा हजार विड्या झाल्या म्हणजे एक दिवसाचें काम झालें. दुसऱ्या दिवशीं तो माल कारखान्यांत द्यावयाचा. तेथें तपासणारा जी विडी बाजूला काढील ती छाट. छाटाचे पैसे नाहींत. बाईचा वेळ गेला तो गेलाच.

याचा घराशीं संबंध असा कीं, विडी कामगार बाईचें घर हाच तिचा कारखाना आहे. नाझरेथच्या सुताराचें घर व कर्मशाळा एकाच छपराखालीं असावी असें आपण मानतों व तिचीं चित्रें भिंतीवर लावतों. पण त्या चित्रांत भुसा कोणाच्या नाकांत जातो हें चितारी दाखवीत नाहीं. विडीच्या घरांत तंबाखूचा खकाणा लेंकराच्या पाळण्यावर बसतो. पावसाळ्यांत गळकें छप्पर असेल तर पानें कुजतात, तंबाखू सर्दावते, व छाट वाढते. उजेड कमी असेल तर डोळे जातात व हात मंदावतो. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलींत एका कोपऱ्यांत चूल, एका कोपऱ्यांत आजारी सासरा व मध्यें सूप घेऊन बसलेल्या दोघी जावा, हें दृश्य घरभेटीच्या वेळीं मीं कितीदां पाहिलें आहे. म्हणून या बायकांनीं घराची मागणी केली ती चैनीची नव्हती. मागावाल्यास जसा माग लागतो तसें विडीवालीस कोरडें, उजेडाचें घर लागतें.

(विडीनें ओढणाराचें व वळणारीचें दोघांचेंहि नुकसान होतें, हें मी जाणतों, आणि व्यासपीठावरून सांगतहि आलों आहें. परंतु ज्या बाईस दुसरा धंदा आपण देऊं शकलों नाहीं, तिला तिच्या धंद्यावरून उपदेश करण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे, याचा मला अजून उलगडा झालेला नाहीं.)

सरकारदरबारीं या बायकांचें नांव प्रथम लागलें तें ओळखपत्रावर. १९६६ सालीं विडी व सिगार कामगारांच्या कामाच्या अटींचा कायदा झाला. त्यानें घरीं बसून विडी वळणारीहि कामगार ठरली. १९७६ सालच्या कायद्यांनीं विड्यांवर उपकर बसवून त्यांतून कल्याण निधि उभा केला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरबांधणीस मदत या निधींतून मिळूं लागली. २०१७ सालीं जी.एस.टी. आल्यावर तो उपकर बंद झाला. पण तोंवर सोलापुरच्या बायकांनीं त्याचा उपयोग करून घेतला होता. ज्या बाईस रेशनकार्डावर केवळ ‘पत्नी’ म्हणून ओळख होती, तिच्या हातीं स्वतःच्या नांवाचें, स्वतःच्या छायाचित्राचें कार्ड आलें. ही गोष्ट लहान वाटते. तिच्यावरच पुढील इमारत उभी राहिली.

ती इमारत कोणीं उभी केली हें सांगतांना मला एका अवघड ठिकाणीं यावें लागतें. लाल बावट्याच्या संघटनेनें हें केलें. श्री. नरसय्या आडम, ज्यांस सारें शहर आडम मास्तर म्हणतें व जे १९७८, १९९५ व २००४ सालीं येथून विधानसभेवर निवडून गेले, ते या लढ्याचे पुढारी. कम्युनिस्टांच्या तत्त्वज्ञानाशीं आपल्या ख्रिस्तसभेचें जमत नाहीं हें जगजाहीर आहे. पोप अकरावे पायस यांनीं १९३७ सालीं त्यावर स्वतंत्र विश्वपत्र लिहिलें, व तें मी नाकारीत नाहीं. परंतु ज्या कामास आपण हात घालावयास हवा होता तें काम दुसऱ्यानें केलें असतां त्याचें नांवहि घ्यावयाचें नाहीं, हा धर्म नव्हे. मोर्चे, धरणीं, दिल्ली-मुंबईचे हेलपाटे, हें सारें त्या बायकांनीं व त्यांच्या पुढाऱ्यांनीं वर्षानुवर्षें केलें. आपल्या कांहीं भगिनीहि त्या मोर्चांत होत्या. त्यांनीं मला विचारलें नव्हतें, हें बरेंच झालें.

कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था, असें त्या संस्थेचें लांबलचक नांव. गोदावरी परुळेकर या पुण्याच्या. १९०७ सालचा त्यांचा जन्म. महाराष्ट्रांतील कायद्याच्या पहिल्या स्त्री पदवीधरांत त्यांची गणना होते. ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ सालीं झालेल्या उठावांत त्यांनीं पुढाकार घेतला, व त्या अनुभवांवरील त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकास १९७२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ सालीं त्या वारल्या. सोलापुरच्या विडीवाल्यांनीं आपल्या वसाहतीस त्यांचें नांव दिलें. गिरणीमालकाचें नाहीं, मंत्र्याचें नाहीं.

अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कुंभारी गांवाच्या माळावर दहा हजार घरें बांधलीं गेलीं. खर्चाचे तीन वाटे : एक केंद्र सरकारचा, एक राज्य सरकारचा, व एक स्वतः बाईचा. २००६ सालीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग सोलापुरास आले व त्यांच्या हस्तें घरें देण्यांत आलीं. एका घरांत चार-पांच माणसें धरलीं तरी चाळीस-पन्नास हजारांची वस्ती होते. महाराष्ट्रांतील कित्येक तालुक्यांच्या गांवांएवढी. पुढें मीनाक्षीताई साने यांच्या नांवानेंहि विडी कामगार बायकांची अशीच गृहनिर्माण संस्था झाली.

तेथील घरें लहान आहेत. पहिल्यांदां पाहणाऱ्यास त्यांत कांहींच अपूर्व वाटत नाहीं. परंतु सदस्य बाई आहे, व घर तिच्या नांवावर आहे, ही गोष्ट ज्यानें त्या वस्तींत दहा-वीस घरभेटी केल्या त्यालाच उमगते. मद्यपी नवऱ्याचा मार खाऊन रात्रीं माहेरच्या दारांत उभी राहणारी बाई आपण सर्वांनीं पाहिली आहे. माझ्या माहितींतील एका घरीं ती रीत उलटी झाली : घर बाईचें, म्हणून रात्रीं ओसरीवर बसून दार उघडण्याची विनवणी नवऱ्यास करावी लागली, आणि पंधरा दिवसांनीं तो दारू सोडण्याविषयीं बोलावयास माझ्याकडे आला. माझ्या प्रवचनांनीं तें काम झालें नव्हतें.

पण सगळें गोडच झालें असें मी म्हणत नाहीं. शहरापासून इतक्या दूर माळावर एकदम दहा हजार बिऱ्हाडें नेऊन ठेवलीं, तर पाणी, रस्ता, बस, शाळा, दवाखाना हीं मागून रखडत येतात. सोलापुरास पाणी उजनीच्या धरणावरून येतें, आणि खुद्द शहरांतच वर्षानुवर्षें तें चार-चार पांच-पांच दिवसांनीं मिळालें. मग माळावरच्या वस्तीचें काय विचारतां? पेठेंत राहत असतां बाई पायीं चालत माल देऊन येई; कुंभारीहून रिक्षाचें भाडें मजुरींतून वजा होऊं लागलें. त्यामुळें कांहींनीं घराला कुलूप लावून पुन्हां पेठेंत भाड्यानें खोली घेतली. कांहींनीं तें भाड्यानें दिलें. टीकाकार म्हणाले, पाहा, गरिबांस घर दिलें कीं तीं विकतात. मला त्यांस विचारावेसें वाटतें कीं, आपलें ऑफिस आपल्या घरापासून इतकें दूर नेलें व गाडी काढून घेतली, तर आपण काय कराल? दोष बाईचा नाहीं, अंतराचा आहे. अक्कलकोट रस्त्यावरच यंत्रमागांची औद्योगिक वसाहत आहे म्हणून पुरुषांचा निभाव तरी लागला. पुढें हळुहळू वस्तीनें जीव धरला. दुकानें आलीं, शिकवण्या सुरू झाल्या, अंगणांत झाडें वाढलीं, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें मागें एक खोली निघाली.

याच कुंभारीस दुसरी मोठी वसाहत झाली ती रे नगर. ती केवळ विडीवाल्यांची नाहीं. यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेंचणारे, रिक्षावाले असे असंघटित कामकरी तिचे सभासद आहेत. एकंदर तीस हजार घरांची ही योजना प्रधानमंत्री आवास योजनेखालीं मंजूर झाली. केंद्राकडून घरामागें दीड लाख, राज्याकडून एक लाख, बाकीचे सभासदाचे. २०१९ च्या जानेवारींत पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांनीं तिची पायाभरणी केली व १९ जानेवारी २०२४ रोजीं त्यांनींच पंधरा हजार घरें लोकांच्या स्वाधीन केलीं. बाळपणीं आपणांसहि असें घर लाभलें असतें तर, असें म्हणतांना त्यांचा कंठ दाटून आला, हें आपण दूरदर्शनवर पाहिलें. एका पंतप्रधानांनीं पहिली वसाहत दिली, दुसऱ्या पक्षाच्या पंतप्रधानांनीं दुसरी दिली, आणि मागणारा तिसऱ्याच पक्षाचा. राजकारणी मंडळींनीं यावर पुष्कळ वाद केला. मला त्यांतून एवढेंच दिसतें कीं, मागणाऱ्या बायकांनीं पक्ष पाहून दार ठोठावलें नाहीं.

रे नगरांत घरें मजल्यांवर आहेत, अंगण नाहीं. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, गटार हें सर्व सामाईक. सामाईक वस्तु राखणें हें एकट्याच्या घरापेक्षां अवघड काम आहे. चाळीची जुनी माणुसकी तेथें उपयोगी पडेल काय, हें पाहावयाचें आहे.

आतां आपल्या मंडळींसाठीं अगदीं व्यवहाराची एक गोष्ट, व मग मी थांबतों. ज्या बायकांनीं २००६ सालीं घर घेतलें त्यांतील पुष्कळशा आतां वृद्ध झाल्या. कांहीं देवाघरीं गेल्या. गेल्या दोन-तीन वर्षांत अंत्यविधीनंतर घराचा वाद माझ्यापर्यंत आल्याचे प्रसंग वाढले आहेत. मुलगा म्हणतो घर माझें, कारण मी आईजवळ राहिलों. मुली म्हणतात, आम्ही लग्नापूर्वीं तिच्याबरोबर विड्या वळल्या तेव्हां हप्ते फिटले. मुलींचें म्हणणें मला वजनदार वाटतें. कित्येक ठिकाणीं आईच्या मृत्यूनंतर संस्थेच्या दप्तरीं वारसाची नोंदच झालेली नाहीं. कांहींनीं घडी घातलेल्या स्टँपपेपरावर घर ‘विकून’ टाकलें आहे, आणि घेणाऱ्याचे पैसे व देणाऱ्याचें घर दोन्हीं अधांतरीं आहेत. जें नांव मिळविण्यास इतकीं वर्षें लागलीं तें एका पिढींत पुसलें जाण्याची वेळ आली आहे.

म्हणून विनंति अशी : ज्या भगिनींच्या नांवें घर आहे त्यांनीं हयातींतच संस्थेकडे नामनिर्देशनाचा अर्ज भरून द्यावा व त्याची पोंच जपून ठेवावी. नामनिर्देशन झालें म्हणजे तो मनुष्य एकटा मालक झाला असें मात्र नव्हे. इतर वारसांचा हक्क राहतोच. तेव्हां कोणास किती द्यावयाचें हें ठरवावयाचें असेल तर मृत्युपत्र निराळें करावें, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि मुलींस वगळण्यापूर्वीं त्यांनीं वळलेल्या विड्या आठवाव्यात. ज्यांच्या आया वारल्या आहेत त्यांनीं मृत्यूचा दाखला, भागधारकाचें प्रमाणपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या व विडी कामगाराचें जुनें ओळखपत्र एकत्र करावें. दाखल्यावर एक नांव, ओळखपत्रावर दुसरें व बाप्तिस्म्याच्या वहींत तिसरें, असें आपल्यांत फार होतें. माहेरचें नांव, सासरचें नांव, ख्रिस्ती नांव, यांचा मेळ बसत नाहीं. आपल्या कचेरींतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या त्या कामीं उपयोगी पडतील. त्यांतील उतारा मागाल तितक्या प्रती मी देईन, व त्याबद्दल कांहीं घेणार नाहीं. पुढच्या रविवारीं सकाळच्या मिस्सानंतर कचेरी उघडी राहील. कागद पिशवींतून सुटे आणूं नका, एका फायलींत लावून आणा, आणि शक्य तर आईबरोबर मुलीलाहि आणा.